मुशीचं तेल आणि उरलेले तीन डोस

भाईंदर (पश्चिम)
सोमवार, ३ ऑक्टोबर १९८८

दादूस,

वर नमस्कार लिहायचा असतो. तो लिहिण्याइतका माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून आज तो गाळते. माफीही मागणार नाही. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं ऐकताना तू तिची वाट बघत बसायला नको.

२२ सप्टेंबरला संध्याकाळी मी चौकला, आपल्या कोळीवाड्यात, तुझ्या दारात येऊन खलाशांसमोर ओरडले. "मुशीच्या तेलावर बायको जगवतोस काय रे?" असं म्हणाले. चारचौघांत म्हणाले, ते वाईट दिसलं असेल. पण त्या दिवशी सकाळी आठपासून मी मुंबईला इस्पितळाच्या बाकावर बसले होते, हे तुझ्या खलाशांना कुठे माहीत होतं? भाविकाच्या चौथ्या डोसाचा दिवस होता तो. आदल्या तीन डोसांना मीच तिला घेऊन गेले, तू समुद्रावर होतास. या वेळी ती म्हणाली, मी परस्पर येते, तू सरळ तिकडेच ये. तिचं नाव दोनदा पुकारलं. दोन्ही वेळा मी उठले आणि "येतेय, बसमध्ये असेल" असं सांगून परत बसले. दुपारी तीनला नर्सबाईंनीच मला घरी जायला सांगितलं.

तू मला काय म्हणालास तेही लिहून ठेवते. तू म्हणालास, "तूच बोललीस ना, मासळीच्या तेलान औषध डबल आत जातं? मंग तीन डोस म्हंजे सहाच झाले." वर म्हणालास, "तुजा शिकलेला तोंड घेऊन या घरान परत येव नको." भाविका मागे चुलीपाशी उभी होती. तिनं वर बघितलंही नाही.

हो, मी बोलले होते, नारळी पुनवेच्या जेवणाला. पण काय बोलले ते तू अर्धंच उचललंस, म्हणून पुन्हा सांगते. आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या कॅन्सरच्या पेशी बाटल्यांत वाढवतात. प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ पटल असतं, दोन पदरी, बहुतेक चरबीचं. भाविकाला देतात ते लाल औषध त्या पटलातूनच आत शिरतं. पटलातली चरबी घट्ट असली तर हळू शिरतं, पातळ असली तर लवकर. थंडीत खोबरेल गोठतं आणि मुशीचं तेल गोठत नाही, हे होडीला ते तेल चोपडणाऱ्याला मी काय सांगणार? पेशींना मासळीच्या तेलातली चरबी खायला घातली की ती त्यांच्या पटलात जाऊन बसते, पटल सैल पडतं आणि औषध जास्त आत जातं. आमच्या बाटल्यांत ते दुप्पट गेलं. मी सांगितलं ते एवढंच. उंदराच्या पेशी होत्या त्या, दादूस. भाविका बाटलीत राहत नाही.

जूनमध्ये ऑपरेशन करून तिची गाठ काढली. पण गाठीतल्या चार पेशी निसटून कुठे लपल्या असतील, ते कोणाला दिसत नाही. सहा डोस त्यांच्यासाठी आहेत. तीन झाले, तीन राहिलेत. मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. या गुरुवारी, ६ तारखेला, तिला घेऊन ये. पहिली बस पकडलीत की नऊपर्यंत पोचाल.

पत्र आयच्या हाती देतेय. सकाळी सातला मासळी बाजारात जाऊन तिच्या पाटीत ठेवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत. ती माझ्या खोलीवर येऊ शकत नाही. आमचे घरमालक शहाशेठ जिन्यात मासळीचा वास आला की खाली येऊन "बेन, अपने यहाँ मच्छी नहीं चलेगी" असं सुरू करतात. तुला वाचता येत नाही, आयला येत नाही, म्हणजे हे भाविकाच तुला वाचून दाखवणार. स्वतःच्या आजाराचं तिला स्वतःच मोठ्यानं वाचावं लागतंय, त्याला माझा इलाज नाही. शेजारच्या कोणाकडून वाचून घेतलंस तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चौकात होईल.

मंदा


मंगळवार, ११ ऑक्टोबर १९८८

दादूस,

गुरुवारी तुम्ही आला नाहीत. मी बाकावर होते.

शनिवारी आयनं तुझा निरोप दिला. हातातला कोयता न थांबवता म्हणाली, "तुजा कागद पोचला. दगडू बोलला, मंदानं माफी मागली ता बरा केला. पन अजून त्याचा मन निवला न्हाय. थोडे दिस येव नको."

माफी? मी? मी आयला म्हटलं, तू नीट ऐकलंस का? तर म्हणाली, "भाविका वाचत व्हती, मी बाजूलाच बसलेली." आयच्या कानांबद्दल मी काही बोलत नाही. तीस वर्षं बाजारात ओरडून माणसाचे कान जायचेच. पण तुझे तर शाबूत आहेत. आता पुन्हा ऐक. मी माफी मागितलेली नाही. भाविका, हे जरा मोठ्यानं वाच.

तुझ्या हिशेबाकडे येते. दुप्पट औषध आत जातं, म्हणून निम्मे डोस पुरे. ऐकायला गोड वाटतं. पण तू एकाच फेरीत सगळी मासळी आणतोस का? जाळं मोठं घेतलंस म्हणून फेऱ्या निम्म्या करतोस का? आज जी मासळी तळाला बसलीय ती आज जाळ्यात येतच नाही, तिच्यासाठी पुन्हा जावं लागतं. त्या लपलेल्या पेशींचं तसंच आहे. ज्या आज निजलेल्या असतात त्यांना औषध लागत नाही. त्या जाग्या होतील तेव्हा पुन्हा गाठायचं, म्हणून एकवीस दिवसांनी, पुन्हा एकवीस दिवसांनी, असं सहा वेळा.

आणि जास्त आत जाणं म्हणजे जास्त गुण येणं, असंही नाही. तेल प्यायलं तर ते सगळ्या अंगाला जाणार. पटल काय फक्त कॅन्सरच्या पेशींना असतं? हृदयाच्या पेशींनाही असतं, आणि ते लाल औषध हृदयाला त्रास देतं. म्हणून तर डॉक्टर इतकं मोजूनमापून देतात. तू तिला रोज दोन चमचे तेल पाजतोयस, ते डॉक्टरांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, कारण ती अक्कल कोणाची म्हणून विचारलं तर बोट माझ्याकडे वळणार. बघ, मीही काही फार शूर नाही.

आय म्हणाली, भाविका आता कोळंबी सोलतानासुद्धा तोंडाला पदर बांधते. पहिल्या डोसापासून तिला मासळीचा वास म्हणून सहन होत नाही, डोसानंतरचे आठ दिवस तर मुळीच नाही. आयनं हे हसत सांगितलं, "कोलनीला मासलीचा वास येतोय," म्हणून. मला हसू आलं नाही. तुमच्या घरात उंबरठ्यापासून माळ्यापर्यंत वास सोडून आहे काय? त्या घरात ती तीन महिने कशी राहतेय, ते तू तिला कधी विचारलंस का?

२० तारखेला दसरा आहे, गुरुवारच आहे, पण इस्पितळ चालू असतं. सण संध्याकाळी करा.

मंदा


सोमवार, १७ ऑक्टोबर १९८८

भाविका,

आज वयनी नाही, भाविकाच लिहिते. हे पत्र मी आयला दादूस होडीवर गेल्यावर तुझ्या हातात द्यायला सांगितलंय. हे मोठ्यानं वाचायचं नाही.

काल आय म्हणाली, "दगडू लय खूश हाय. डॉक्टर बोलले ना, तीन डोसान काम झाला, आता तीन महिन्यान दाखवाया या. मंदानं लिवलंय." मी पाटीसमोर उभी होते. गिऱ्हाईक मागून ढकलत होतं, बाई हटो ना म्हणत होतं, आणि मला शाळा आठवली. तुला कविता पाठ नसली की तू मधल्या ओळी स्वतःच्या घालून म्हणायचीस. इतक्या ठसक्यात म्हणायचीस की मास्तर मान डोलवायचे. मला मात्र कळायचं, कारण मी शेजारी बसलेली असायचे.

म्हणजे माफी तूच मागितलीस, माझ्या नावानं. जाळं, फेऱ्या, हृदय, काही दादूसच्या कानावर गेलंच नाही. २२ तारखेलाही तुला यायचं नव्हतंच. "तेलावर तीन पुरे झाले" असं तूच त्याला सांगितलंस, आणि मी दारात येऊन त्याच्यावर ओरडले तेव्हा चुलीपाशी गप्प उभी राहिलीस. त्यानं मला घराबाहेर काढलं आणि तू काढू दिलंस. मला याचा फार राग आला, भाविका. अजून आहे. सव्वीस वर्षांची ओळख आहे आपली, आणि तू मला माझ्याच भावाच्या दारात खोटं पाडलंस.

आयला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. कोळंबी मोजता मोजता तिनं ऐकलं असतं आणि दुपारपर्यंत दादूसला कळलं असतं. मग त्यानं तुला उचलून बसमध्ये बसवलं असतं. मी ते केलं नाही. तिसऱ्या डोसाच्या दिवशी सलाईन चालू असताना तू म्हणालीस, "मंदा, सगले माझ्याबद्दल माझ्या डोक्यावरून बोलतात. मना कोन विचारत न्हाय." तेव्हा मी म्हटलं होतं, मी विचारेन. म्हणून विचारतेय. उरलेले तीन का नको? ओकाऱ्यांमुळे? केसांमुळे? की त्या वासामुळे?

उत्तर काहीही असू दे, मी ऐकेन. पण ऐकून गप्प बसेन असं नाही. मी दर गुरुवारी त्या बाकावर जाऊन बसणार. प्रयोगशाळेत आमच्या मॅडमना सांगून ठेवलंय, गुरुवारी मी अकरानंतर येईन म्हणून.

मंदा


सोमवार, २४ ऑक्टोबर १९८८

भाविका,

तुझं उत्तर पोचलं. आयनं शब्दन् शब्द आणलं, या वेळी तिच्या कानांनी दगा दिला नाही. "मंदाला सांग, तू तुज्या बाटल्या सांभाल. मुशीचा तेल नाक दाबून पिते मी, पन ते लाल पानी परत न्हाय. तेलावर भागतंय असा तूच बोललीस, मी इश्वास ठेवला. आता कशाला फिरवतेस?"

दसऱ्याच्या दिवशी बाकावर बसून मी त्याचाच विचार करत होते. मासळीचा वास सहन न होणारी बाई रोज दोन चमचे मुशीचं तेल पिते. इतकी तुला त्या औषधाची भीती आहे, आणि इतका माझ्या शब्दावर विश्वास. तुला ओळी गाळल्याबद्दल मी गेल्या पत्रात फाडून खाल्लं. तेव्हापासून माझी स्वतःची वही डोळ्यांसमोरून हलत नाहीये. तिच्यातही एक ओळ गाळलेली आहे.

सरळ सांगते. बाटलीतल्या पेशींना वाढायला रक्तातलं पाणी लागतं, त्याला सीरम म्हणतात. आम्ही ते परदेशातून मागवतो, गाईच्या पोटातल्या वासराचं. जूनमध्ये ते बंदरावर कस्टममध्ये अडकलं. बाटलीत तळाला थोडं उरलेलं, ते मी जपून ठेवलं. आपल्या घरची सवय, सरत आलेलं मीठ जपायची. मग मी देवनारच्या कत्तलखान्यातून बकऱ्याचं रक्त आणलं, ते गोठू दिलं, वर आलेलं पिवळं पाणी गाळून घेतलं आणि मासळीच्या तेलाच्या बाटल्या त्यावर वाढवल्या. ज्यांना तेल द्यायचं नाही, अशा साध्या बाटल्याही त्याच पाण्यात त्याच वेळी लावायला हव्या होत्या. मी लावल्या नाहीत. मे महिन्यातले आकडे वहीत होते, ते वासराच्या सीरमवरचे. तेच उचलून शेजारी मांडले. वहीत लिहिलं नुसतं 'सीरम'. कोणाचं, ते लिहिलं नाही.

बकऱ्याच्या रक्तातली चरबी वेगळी असते, वासराच्या वेगळी. पेशी जे खाते त्याचंच तिचं पटल होतं. म्हणजे औषध दुप्पट आत गेलं ते तेलामुळे की बकऱ्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत आणि भात एका हंडीतले असले तर. माझे दोन हंड्यांतले होते.

आता सगळ्यात वाईट ते. हे मला जुलैतच कळलं होतं. वही चाळताना तारखा दिसल्या, तेलाच्या जूनमधल्या, साध्या मेमधल्या. मॅडमना सांगायचं ठरवलं, उद्या, परवा असं करत राहिलं. त्यांनी तो तक्ता सगळ्यांसमोर मांडला, पेपर लिहायला घेतला, त्यावर माझं नाव दुसरं घातलं. चौकच्या कोळणीचं नाव, इंग्रजीत छापलेलं. आणि नारळी पुनवेला मी तुमच्याकडे जेवायला बसले. दादूसनं आजवर माझ्या कामाबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी मासळीच्या तेलाचं नाव निघालं आणि त्याचा घास हातातच राहिला. तो ऐकत होता. मी काहीतरी बोलतेय आणि माझा भाऊ ऐकतोय, हे पहिल्यांदा घडत होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दुप्पट म्हणाले. वर हसत म्हणाले, "आमच्या तेलान सहाचे तीन डोस करून टाकू." ते वाक्य दादूसचं नव्हतं, माझं होतं. तू पानात वाढत होतीस तेव्हा म्हणाले, आणि तू ते उचलून जपून ठेवलंस.

तेव्हा तू ज्याच्यावर विसंबून बसलीस ते काय आहे, ते आता तुला माहीत आहे. माझी बढाई आहे ती. मी चुकले, भाविका. दादूसच्या दारात ओरडले त्याची माफी मागत नाही, याची मागते.

शुक्रवारपासून सगळ्या बाटल्या नव्यानं लावल्यात. वासराचं सीरम आता आलंय. वासराच्या सीरमवर साध्या, वासराच्या सीरमवर तेलाच्या, बकऱ्याच्या सीरमवर साध्या, बकऱ्याच्या सीरमवर तेलाच्या. आकडा काहीही येवो, या वेळी मी तो गाळणार नाही. मॅडमना आज सांगणार. पेपर बुधवारी टपालात पडायचा आहे, त्याआधी.

मंदा


सोमवार, ३१ ऑक्टोबर १९८८

भाविका,

मॅडमना सांगितलं. सुचेता मॅडम चिडल्या की आवाज खाली जातो, आणि इतका खाली गेलेला मी पहिल्यांदा ऐकला. म्हणाल्या, "जुलैत सांगितलं असतंस तर ती चूक होती. चार महिने लपवलंस, याला मी काय म्हणू, ते तूच सांग." पेपर त्यांनी पाकिटातून काढून खणात ठेवला. माझं पीएचडीचं नाव या वर्षी जाणार नाही. मग म्हणाल्या, "नव्या बाटल्या तूच मोजायच्यास. एकटीनं. तीनदा." मी तीनदा मोजल्या.

साध्या बाटल्यांत शंभर धर. तेलामुळे वाढून झाले सव्वाशेच्या आसपास. नुसत्या बकऱ्यामुळे पावणेदोनशे. म्हणजे तुझ्या मुशीच्या तेलाचा वाटा एवढासा, बाकी सगळा बोकडाचा प्रताप. मॅडमना यातच आता रस वाटायला लागलाय, बकऱ्याच्या चरबीत काय आहे ते बघू म्हणतात. ते आम्ही बघू, त्याला वर्षं लागतील. तुझ्यासाठी यातून इतकंच घ्यायचं की तेलानं तीनचे सहा होत नाहीत. तेल बंद कर. तुझे तीनच झालेत.

परवा आयनं आणखी एक सांगितलं. तू तिच्याजवळ रडलीस म्हणे. केस गेले त्याचं नाही, ओकाऱ्यांचंही नाही. डोसानंतर आठ दिवस तुला घरात बसवत नाही, चूल पेटली की बाहेर पळावं लागतं, आणि बाया म्हणतात, बघा दगडूची बायको, मासळीला नाक मुरडते. "कोलनीला मासली नको झाली तर ती कोन उरली?" असं म्हणालीस. हे तू मला सांगितलं असतंस तर किती आठवडे वाचले असते. पण मी तुला कधी बोलू दिलं? मी आपली दुप्पट, दुप्पट करत होते.

त्यावर माझ्याकडे उपाय आहे, आणि तो इतका जवळ आहे की मला आधी सुचला नाही याची लाज वाटते. आमची बिल्डिंग. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, आणि दाराबाहेर हिंगाच्या फोडणीशिवाय कसला वास येईल तर शपथ. डोस झाला की तिथून सरळ माझ्याकडे यायचं आणि आठ दिवस राहायचं. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो, तेवढं सोसावं लागेल. शहाशेठना मी सांगितलं, माझी वहिनी आजारी आहे, तिला मच्छीचा वास सहन होत नाही. त्यांना इतका आनंद झाला की शहाबेननी खाकरे पाठवून दिले. आठ दिवसांनी वास परत आपला वाटायला लागला की चौकला जा. आणखी दोन डोस, आणखी दोनदा आठ दिवस. त्यानंतर तू कोळीणच असशील, मी जामीन.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलंय, तेलाचंसुद्धा. बोलणी खाल्ली. त्यांनी सांगितलं, आधी रक्त तपासू, हृदयाची पट्टी काढू, ठीक असेल तर त्याच दिवशी चौथा डोस. गुरुवार, ३ नोव्हेंबर.

दादूसला काय सांगायचं ते तूच ठरव. मी आयला एक शब्दही बोललेले नाही आणि बोलणार नाही. पण तू आली नाहीस तर मी पुढच्या गुरुवारी येईन, त्याच्या पुढच्याही येईन. बाकावर माझी जागा आता ठरलेली आहे, तिथला शिपाई मला पेशंट समजून तब्येत विचारतो.

तुझी,
मंदा


चौक
बुधवार, २ नोव्हेंबर

मंदा,

मी सातवीपर्यंत शिकलेली, तुझ्यासारखा लिहिता येत न्हाय. आयच्या हाती देते.

काल होडी किनाऱ्याला व्हती. तुझे दादूस आंगनात जाला शिवत बसलेले. मी तांदळाच्या डब्यातून तुजे सगले कागद काढले, आनी पैल्यापासून वाचले. या टायमाला एक वल गालली न्हाय. मला लिवलेले पन वाचले, त्यात मना शिव्या हायेत ते पन. माफी मागनार न्हाय असा आला तवा त्यांनी मान वर केली. म्हनाले, मंग माफी कोनी मागली? मी बोलले, मी.

मंग त्यांनी मान परत खाली घातली. सुई चालूच. सगला वाचून झाला तवा बोलले, त्यो बाटलीचा परत वाच. मी वाचला, भाविका बाटलीत राहत नाही. परत वाचाया लावला. मंग उठले, मुशीच्या तेलाची बरनी घेतली आनी होडीला चोपडून आले. सगली.

मना अजून भ्या वाटतंय. ता गेला असा समजू नको. रातभर डोस आठवून तोंडान ओकारीचा पानी येतंय. तरी येते. तू खोटा बोललीस ता कबूल केलास, मंग मी पन करते. नायतर आपन दोघी सारक्याच.

उद्या पैल्या बसनं आमी दोघा येतो. शहाबेनला सांग, खाकरे मना आवडतात.

आनी मंदा, तिथं माझा नाव पुकारला का तू उठू नको. मी उठीन.

भाविका